उठायची जागा

मेल्यावर आपल्याला कुठं पुरावं याबद्दल रामीबाईचं काही म्हणणं असेल, असं तांड्यावर कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. जित्यापणी तिचं म्हणणं पुष्कळ असायचं. पापडाचं पीठ किती तिंबावं इथपासून पास्टरनं प्रार्थना किती लांबवावी इथपर्यंत. पण मेल्यानंतरचं सगळं आधीच ठरलेलं होतं.

आसेगावच्या पुढं जो तांडा लागतो, तिथं अकरा घरं ख्रिस्ती. पणज्याच्या काळापासूनची. त्यांचं कबरस्तान बाहेरच्या बरडावर, जिथं कुसळंसुद्धा विचार करून उगवतात. जमीन अशी खडकाळ की एक खड्डा खणायला चार गडी आणि दीड दिवस लागतो. म्हणून पहिल्या म्हाताऱ्यांनी एक रीत घालून दिली. घरागणिक एक ओळ, आणि त्या ओळीत जित्या माणसाच्या नावाचा दगड आधीच मांडून ठेवायचा, चुना लावून. रडत्या घरात जागेवरून भांडण नको. मेलेल्याचं डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. म्हणजे शेवटच्या दिवशी कर्णा वाजला आणि माणूस उठून बसला, की समोर उगवती, आणि उगवतीकडून येणारा प्रभू. कूस बदलायचीसुद्धा गरज नाही.

कोणी अवेळी गेलं तर पुढचे दगड एकेक जागा सरकायचे. रामीबाईच्या ओळीत सासरा होता, सासू होती. त्यानंतर तिचा दगड असायचा. नऊ वर्षांपूर्वी तिची सून रंजीता सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत अचानक गेली, तेव्हा रामीबाईनं स्वतःच्या हातानं आपला दगड उचलून एक जागा पुढं ठेवला आणि सासूच्या लगतची जागा सुनेला दिली. नवऱ्याचा, गोविंदसिंगचा दगड आणखी पुढं गेला. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

यंदा मात्र दोन गोष्टी झाल्या. शिमग्याच्या सुमाराला तिचा श्वास कोंडायला लागला, म्हणून गोविंदसिंगनं तिला वाशीमला नेलं. तिथल्या डॉक्टरनं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मग तिच्याकडे न बघता गोविंदसिंगला सांगितलं, की हृदयाची झडप गेलीय, जपायला पाहिजे. ही पहिली. दुसरी अशी, की नवा पास्टर आला. अमरदीप त्याचं नाव. वय एकोणतीस, मोटारसायकलवर फिरणारा, आवाज गोड. उपासाच्या दिवसांतल्या एका रविवारी तो पुनरुत्थानावर बोलला.

"उठल्यावर सगळ्यात आधी कोणाचं तोंड दिसेल?" त्यानं विचारलं. "शेजारच्याचं. आपल्याच माणसाचं. विचार करा, काय आनंद होईल."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. संगीता नावाची शेजारीण, जिला हसू आणि रडू एकाच वेळी येतं, ती रामीबाईला कोपर मारून म्हणाली, "तुले तर बाई सासू अन् सून दोन्ही भेटतीन. उठल्याबरोबर कामाले लागा."

रामीबाई हसली. 

तिची श्रद्धा कच्ची असती तर ती त्या दिवशीही सुखानं झोपली असती. पण रामीबाईची श्रद्धा पक्की होती. देव आहे, तो मेलेल्यांना उठवणार आहे, यात तिला तिळभर शंका नव्हती. उद्या सूर्य उगवेल तितकंच ते खरं होतं. रंजीता उठून बसेल. केस मोकळे असतील. आणि ती आपल्या डाव्या हाताला, अगदी लगत, मान वळवून बघेल.

पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या शनिवारी कबरींना चुना लावायला बायका बरडावर गेल्या. पास्टरही होता, हातात मोबाइल धरून. त्यानं सगळ्या कबरस्तानाचा नकाशा काढायला घेतला होता, प्रत्येक जागेला नंबर देऊन. रामीबाईनं चुन्याची बादली खाली ठेवली आणि त्याला बाभळीच्या सावलीत गाठलं.

"पास्टरसाहेब, माहा दगड हलवायचा आहे."

"कुठं, काकू?"

"तिकडे. कुपाजवळ."

अमरदीपनं कुंपणाकडे बघितलं. तिथं पलीकडच्या शेताची बोराटी होती आणि एक फाटकं पोतं वाऱ्यानं अडकलं होतं.

"तिथं तर कोणीच नाही."

"नसू द्या. इथं बाभळीच्या मुळ्या लय आहेत. खणणाऱ्याईले तरास होतो."

बोलताना ती त्याच्याकडे बघत नव्हती. अमरदीप तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याचे डोळे भरून आले, आणि रामीबाई घाबरली. तिला वाटलं, याला कळलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं, काकू? मी तर कोणाजवळ बोललो नव्हतो."

"काय सांगितलं?"

"प्रयागबाईंचं."

प्रयागबाई म्हणजे रंजीताची आई, रामीबाईची विहीण. मेडशीला भाच्याच्या घरी राहायची. तिकडं दुसरं ख्रिस्ती घर नाही. तिला पोटाचा कॅन्सर निघाला होता आणि तिनं महिन्याभरापूर्वी पास्टरजवळ निरोप दिला होता, की जमलं तर मला माझ्या लेकीच्या लगत ठेवा. लेकीच्या एका अंगाला तिची आजेसासू, दुसऱ्या अंगाला रामीबाईचा दगड. जित्या माणसाला तुझी जागा सोड असं कसं म्हणायचं, म्हणून पास्टर गप्प बसला होता.

"आणि तुम्ही स्वतःहून आलात," तो म्हणाला. "मुळ्यांचं निमित्त करून."

आता इथं रामीबाईनं तोंड उघडायला पाहिजे होतं. तिनं उघडलंही. पण त्यातून निघालं ते इतकंच, "विहीणबाईले बरं वाटन."

दुसऱ्या दिवशी, सणाच्या पहाटे, सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन बरडावर उभी राहिली. पूर्वेला तांबडं फुटत होतं. पास्टरनं गाणं झाल्यावर रामीबाईचं नाव घेतलं. तिनं आपली जागा एका आईसाठी कशी सोडली ते सांगितलं. बोलता बोलता त्याला नऊ वर्षांपूर्वी रामीबाईनं रंजीताच्या मातीवर दिलेली साक्षही आठवली. तो तेव्हा इथं नव्हता, पण ती साक्ष त्यानंही ऐकली होती. कारंजापर्यंतच्या मंडळ्यांतून ती सांगितली जायची. रंजीता कशी गाणं म्हणत गेली, कसा तिनं हात वर केला आणि प्रभू, मी येतो म्हणाली, आणि तिची सासू कशी उशाशी बसून होती.

संगीता फुंदत होती. "मायलेकी संगंच उठतीन वं," ती रामीबाईच्या कानात म्हणाली. "नऊ वर्षांचं साठलेलं. काय काय सांगन पोरगी मायले."

रामीबाईच्या हातातली मेणबत्ती कलंडली आणि गरम मेण मनगटावर सांडलं. तिला ते बऱ्याच वेळानं कळलं.

रंजीता गेली त्या दिवशी काय झालं होतं, ते दोन माणसांना ठाऊक होतं. एक रामीबाई आणि दुसरा गोविंदसिंग.

किशन, त्यांचा मुलगा, तेव्हा पुण्याला बिल्डिंगच्या कामावर होता. दिवाळीनंतर बायकोलाही तिकडं नेणार होता. रंजीतानं पेटी भरून ठेवली होती, महिना आधीच. रामीबाईला ती पेटी रोज दिसायची. शनिवारी सकाळी रंजीता म्हणाली, बाई, माहं पोट लय दुखून राह्यलं, मले दवाखान्यात घेऊन चाला. रामीबाईला वाटलं, नाटक आहे. आता किशनला फोन जाईल, तो धावत येईल आणि दिवाळीआधीच घेऊन जाईल. सोयाबीन फुटायला आलं होतं. एक दिवस ऊन लागलं की शेंगा तडकून दाणे जमिनीवर. तांड्यातल्या हरिसिंगचा ऑटो दारासमोर उभा होता. तो मंगरूळला निघालाच होता, विचारतही होता, कोणी येतं काय. रामीबाई म्हणाली, नाई. गोविंदसिंगनं विळा उचलला.

दुपारी ती भाकरी न्यायला एकटी घरी आली. रंजीता दाराशी फरशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन. पाणी म्हणाली. रामीबाई तिला ओलांडून आत गेली, भाकरी घेतल्या आणि तिला ओलांडून बाहेर आली. रागाला जे बळ असतं ते तिच्या पायात होतं. चार वाजता परतली तेव्हा पोरीचे ओठ निळे पडले होते. अर्ध्या तासात ती गेली. पोटात काय फुटलं, कोणी चिरून बघितलं नाही.

मग रामीबाईनं तिला उचलून खाटेवर घेतलं. तोंड पुसलं. केस विंचरले, वेणी घातली. उशाशी नवा करार ठेवला. आणि त्यानंतर दारात येऊन तिनं हंबरडा फोडला. तो हंबरडा मात्र खरा होता.

सणाचं जेवण झाल्यावर ती नवऱ्याजवळ बसली. गोविंदसिंग सुपारी कातरत होता.

"ती मायले सांगन," रामीबाई म्हणाली.

कोण, कोणाला, हे त्यानं विचारलं नाही. "तिथी कोणी चुगल्या करत नाई. देवाचं घर आहे ते."

"चुगली कायची. खरंच सांगन ना ती. तिथी खोटं बोलताच येत नाई."

"मंग जागा कायले देली? गप ऱ्हायली असती तर तुहं तू पाह्यलं असतं."

"मले तिच्या लगत उठाचं नव्हतं."

"अन् आता?"

"आता लांब उभी राहून पाहीन, दोघी माह्याकडे बोट दाखवतीन ते."

गोविंदसिंगनं अडकित्ता मिटला. "नऊ वर्षं झाले. पोराचं दुसरं लग्न झालं, दोन पोरी झाल्या त्याले. तुह्या साक्षीवर किती लोकाईनं देव धरला. आता उकरून काय भेटन? म्हातारीले मरू दे सुखानं."

हे बोलणं वाजवी होतं. रामीबाईनं स्वतःला हेच नऊ वर्षं सांगितलं होतं, आणि याहून चांगल्या शब्दांत. पण आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याला वास आला, झाकून ठेवलेल्या भांड्याचा येतो तसा.

बुधवारी मेडशीहून फोन आला. प्रयागबाईचं अन्न तुटलं होतं, पाणीही चमच्यानं चाललं होतं. डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं होतं.

गुरुवारी सकाळी रामीबाई निघाली. गोविंदसिंग फाट्यापर्यंत आला आणि एसटी आल्यावर म्हणाला, "दमानं जाय. छातीचं पाय."

मंगरूळला गाडी बदलली, वाशीमला बदलली. एप्रिलचं ऊन. दोन्हीकडची शेतं उघडी पडलेली, काळी, भेगाळलेली, आणि त्यांच्यावरून वावटळी एकेकट्या फिरत होत्या, जणू कोणाचा तरी पत्ता शोधत. मालेगावच्या पुढं शेजारच्या बाईनं विचारलं, कुठं जाता? रामीबाई म्हणाली, विहिणीले पाहाले. बाई म्हणाली, नशीबवान विहीण तुमची. रामीबाईनं खिडकीची काच ओढून घेतली. तिला धाप लागली होती आणि अजून तर ती बसलेलीच होती.

प्रयागबाई खाटेवर अशी पडली होती की गोधडीखाली माणूस आहे हे सांगावं लागावं. भाच्याच्या बायकोनं पाणी दिलं, चहा ठेवते म्हणून आत गेली. प्रयागबाईनं डोळे उघडले आणि हसली. दात सगळे जागेवर होते. तेवढेच राहिले होते.

"या विहीणबाई. तुमी मले जागा देली. लोक इथी वावराच्या धुऱ्याची बित्ताभर जागा सोडत नाई."

"त्याचं काय एवढं."

"एवढं नाई कसं. मी तर रोज मोजतो, किती दिवस राह्यले. भेव नाई वाटत आता. डोळा लागला की कर्णाच वाजन. मधातलं काई कळतच नाई म्हणते पास्टर. झोपलं अन् उठलं." ती थांबून थांबून बोलत होती. "एक काम करा. मले पुन्हा सांगा. कशी गेली माही पोर."

दरवर्षी भेट झाली की ती हे विचारायची, आणि रामीबाई सांगायची. नऊ वर्षांत ती गोष्ट इतकी घासली गेली होती की तिला कुठं कोपराच उरला नव्हता. रामीबाईनं सुरू केली.

"शनिवार होता. सकाळी म्हणे, बाई, पोट दुखून राह्यलं."

"हो."

"मंग मी उशाशी बसली."

प्रयागबाईनं डोळे मिटले होते. चेहरा असा झाला होता, झोपेआधी गोष्ट ऐकणाऱ्या लेकराचा होतो तसा.  पुढचं वाक्य रामीबाईच्या जिभेवर तयार होतं. गाणं म्हणे ती. फक्त ते सोडायचं होतं.

"मी उशाशी बसली नाई," ती म्हणाली.

डोळे उघडले.

"मी वावरात गेली. तिनं तीनदा म्हटलं, दवाखान्यात घेऊन चाला. ऑटो उभा होता दारात. मी नाई म्हटलं."

एकदा सुरू झाल्यावर ती थांबली नाही. पेटीचं सांगितलं, शेंगांचं सांगितलं, दुपारचं सांगितलं. आत चहाचं भांडं उकळून उतू गेल्याचा चर्र आवाज आला आणि मग तिकडून काहीच आवाज आला नाही.

"पाणी मांगलं तिनं?" प्रयागबाईनं विचारलं.

"मांगलं."

"देलं?"

"नाई."

"काहून?"

रामीबाईनं नऊ वर्षं या प्रश्नाचं उत्तर तयार केलं होतं आणि आता त्यातलं एकही कामाचं नव्हतं. "राग होता," ती म्हणाली. "माहा पोरगा नेऊन राह्यली होती ती. इतकंच."

"अन् गाणं?"

"गाणं नव्हतं."

"हात वर करून प्रभू म्हणे ती. तुमी सांगितलं."

"खोटं सांगितलं. याडी म्हणे. दोनदा म्हणे. मले ती बाई म्हणे, मले नव्हती बोलवत. तुमाले बोलवत होती."

याडी म्हणजे आई. तांड्यावर लेकरं तसंच म्हणतात. प्रयागबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचा हात गोधडीवर उपडा पडला होता, त्यावरच्या शिरा दोऱ्यासारख्या वर आल्या होत्या. 

"नऊ वर्षं मले वाटे," ती भिंतीशीच बोलली, "मरताना पोरीले माही आठवण नाई आली. देवाची आली, माही नाई. मी कोणाले बोलली नाई. देवाचा हेवा करते म्हणतीन लोक." आणि जरा वेळानं, "बाहेर जाय."

आजवर ती रामीबाईला तुमी म्हणत आली होती.

रामीबाई बाहेर ओट्यावर बसली. ऊन पायांवर आलं, गुडघ्यांवर आलं. भाच्याची बायको दारातून तिला वळसा घालून गेली, जणू तिथं काही सांडलेलं आहे. दीडची गाडी गेली. साडेतीनची गेली. रामीबाईला वाटलं, आत ती मेली असेल. आणि तिच्या मनात आलं ते तिनं पुढं कोणालाच सांगितलं नाही. तिच्या मनात आलं, की मेली असेल तर बरं. लगेच मागून दुसरा विचार आला: मेली असेल तर ती आता लेकीच्या वाटेवर आहे, आणि तिला सगळं माहीत आहे.

"ये," आतून आवाज आला.

प्रयागबाईचं तोंड या बाजूला होतं. कोणीतरी उशीला उशी लावून तिला उंच केलं होतं.

"मी तुले माफ करणारी कोण," ती म्हणाली. "पाणी मी नव्हतं मांगलं. तिनं मांगलं. तिले इचारन मी."

रामीबाई खाटेच्या पायथ्याशी आली.

"कुपाजवळ जायाची नाई तू. माह्या लगत ये. ती, मंग मी, मंग तू. मी मधात राहीन. उठल्यावर ती आंधी मले भेटन. मंग मी सरकीन बाजूले, अन् तू पुढं होऊन सांगजो तिले. मले सांगितलं तसंच. एक शब्द कमी नाई."

"अन् ती काय म्हणन?"

"मले काय मालूम. लेक माही होती तवा मोठ्या मनाची होती. आता नऊ वर्षं देवाजवळ आहे, अखीनच झाली असन." तिला खोकला आला, तो शमेपर्यंत वेळ गेला. "पण तू त्याच्यावर ऱ्हाऊ नको. जिथी उभी राहून खोटं सांगितलं, तिथी उभी राहून खरं सांग. मी असताना नाई जमलं तर माह्या मातीवर सांग. पण मले तिच्यासमोर खोट्याच्या लगत उठवू नको."

रामीबाईनं वाकून तिचे पाय धरले. पाय गार होते. प्रयागबाईनं ते मागं घेतले नाहीत आणि हातही डोक्यावर ठेवला नाही.

सहाव्या दिवशी प्रयागबाई गेली. गाडीनं तिला मेडशीहून आणलं. किशन पुण्याहून रातोरात निघून आला होता. दुसरं लग्न झालं तरी या सासूला त्यानं सोडलं नव्हतं, दर सणाला लुगडं घेऊन जायचा. खड्डा खणायलाही तोच उतरला. पहार खडकावर बसली की ठिणगी उडायची आणि तो थांबून कपाळ पुसायचा. बाभळीच्या मुळ्या खरंच लय होत्या.

भाच्याच्या घरून मातीला आलेलं कोणी रामीबाईशी बोललं नाही. ते तिकडं एका बाजूला उभे होते, बघत. बोलायचं असतं तर ते केव्हाच बोलले असते. ते वाट बघत होते, हे तिला कळत होतं.

पेटी खाली गेली. पास्टरनं पुस्तक मिटलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" आणि विचारतानाच त्याची नजर रामीबाईकडे गेली, प्रेमानं, कारण या दोघींबद्दल बोलायला तिच्याहून जवळचं कोण होतं.

गोविंदसिंगनं तिच्या दंडाला धरलं. "बस खाली," तो पुटपुटला. "छातीचं पाय."

ती सोडवून घेऊन पुढं गेली. मातीच्या ढिगाजवळ तिची चप्पल घसरली, किशननं हात दिला. तो हात तिनं जरा जास्तच वेळ धरला. मग सोडला.

"मी इथीच उभी राहून एक साक्ष देली होती," रामीबाई म्हणाली. "ते खोटं होतं."

तिनं सगळं सांगितलं. मेडशीला सांगितलं तसंच, एक शब्द कमी नाही. मध्ये दोनदा श्वास कोंडला तेव्हा थांबली. कोणी पाणी पुढं केलं नाही. संगीता, जिला हसू आणि रडू संगंच यायचं, तिला यातलं काहीच आलं नाही. ती आपल्या लेकीला जवळ ओढून उभी राहिली. पास्टरचा गोरा चेहरा उन्हानं लाल झाला होता, तो राखेसारखा झाला. ही साक्ष त्यानं सणाच्या दिवशीच तर सांगितली होती.

शेवटी ती म्हणाली, "पुनरुत्थान खरं आहे. म्हणून सांगून राह्यली. खोटं असतं तर मी कायले सांगितलं असतं."

आमेन म्हणायची जागा होती. कोणी म्हटलं नाही. बोराटीत एक होला घुमत होता, तेवढाच.

किशन खड्ड्याच्या काठावर फावड्यावर दोन्ही हात ठेवून उभा होता. हातांना खणून खणून फोड आले होते. त्यानं आईकडे बघितलं नाही. रंजीताच्या कबरीकडे बघत राहिला.

"मले फोन काहून नाई केला?" त्यानं विचारलं. आवाज मोठा नव्हता.

रामीबाईला उत्तर माहीत होतं. याच्याहून सोपी अशी पाच-सहा उत्तरंही तिला माहीत होती, आणि लोकांनी ती ऐकून घेतली असती.

"तू आला असता म्हणून," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, हळू, दोन-तीनदा, जणू काही जड वजन नीट बसवून घेत आहे. मग फावडं मातीत रोवलं आणि पहिला ढीग खाली लोटला. दुसरा लोटला. तिसऱ्याला तो थांबला, आणि न वळता बापाला म्हणाला, "अन् तुमी, बापू? तुमी कुठी होते?"

सगळ्या मंडळीनं गोविंदसिंगकडे बघितलं. रामीबाईनंही बघितलं. तिच्या मनात त्याच्याविषयी इतकी कणव दाटून आली, की तिला वाटलं, आपणच सांगून टाकावं त्याच्या वाटचं. पण ते तिच्यानं होणार नव्हतं. ती बाजूला सरकली आणि मातीच्या ढिगाजवळ त्याला उभं राहायला जागा करून दिली.